शुद्धियंत्राची शुद्धी

मोटारीच्या पोटाखाली बसविलेले एक लोखंडी भांडे केव्हा साफ करावे, हा प्रश्न व्याख्यानाच्या व्यासपीठापेक्षा गॅरेजात अधिक शोभतो, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. तरीही वसंतऋतूत इतिहासाची व्याख्याने ऐकावयास येणाऱ्या मंडळींपुढे तो आम्ही मुद्दाम मांडीत आहोत. या लहानशा प्रश्नाचे उत्तर हाती यावयास माणसाला दीडशे वर्षे लागली. आणि ते सापडले तेव्हा भांड्यात नव्हे, पेट्रोलच्या टाकीत सापडले. मधल्या काळात पन्नास वर्षे जगभरच्या मुलांच्या रक्तात शिसे भिनत राहिले. तेव्हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांनीही हे भांडे बहुधा पाहिलेले नसते. इंजिनातून निघालेला धूर मागच्या नळीवाटे बाहेर पडण्यापूर्वी त्यातून जातो. याला 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर' म्हणतात. सायलेन्सर आवाज मारतो, कन्व्हर्टर धुरातील विष मारतो. आत मधमाशांच्या पोळ्यासारखा, बारीक बारीक नळ्यांनी भरलेला चिनीमातीचा ठोकळा असतो. नळ्यांच्या भिंतींवर एक खरबरीत लेप दिलेला असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे डोळ्यांना न दिसणारे कण पसरलेले असतात. साऱ्या भांड्यात मिळून हे धातू काही ग्रॅमच भरतात. कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायू, अर्धवट जळालेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या कणांना स्पर्श करून जातात, आणि बाहेर येतात ती कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व नायट्रोजन या रूपाने.

येथे एक गैरसमज आरंभीच दूर केला पाहिजे. कन्व्हर्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. गाळणीत चोथा साठतो म्हणून ती झटकावी लागते. कन्व्हर्टरात काही साठावयाचेच नसते. आतील धातू दोन वायूंची गाठ घालून देतो आणि लग्न जुळविणाऱ्या मध्यस्थासारखा आपण मांडवाबाहेर मोकळाच राहतो. अशा पदार्थाला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. मग जे यंत्र मळ साठवीतच नाही, ते मळते तरी कसे? आणि मळले तर धुवावयाचे काय?

हा प्रश्न मोटारीच्या जन्माआधीचा आहे. १८१७ साली इंग्लंडात सर हम्फ्री डेव्ही खाणीतल्या दिव्यांवर प्रयोग करीत असता त्यांना आढळले की, तापलेली प्लॅटिनमची तार कोळशाचा वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली तर ज्वाला न उठताच ती लालबुंद होऊन राहते. तारेवर वायू जळत होता आणि तार मात्र झिजत नव्हती. डेव्हींचे साहाय्यक मायकेल फॅरडे यांनी पुढे हाच धागा उचलला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२६ साली शुक्रवारच्या सायंकाळची सार्वजनिक व्याख्याने सुरू करणारे ते हेच फॅरडे. तेव्हा आमच्यासारख्या व्याख्यानवेड्या लोकांचे ते एका अर्थी पूर्वजच होत.

१८३४ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात फॅरडे यांनी एक मजेदार अडचण सांगितली आहे. पाण्याचे विजेने पृथक्करण करून त्यांनी ऑक्सिजन व हायड्रोजन एका नळीत जमविले. आणि पाहतात तो वायू हळूहळू कमी होत चाललेला. नळीतल्या प्लॅटिनमच्या पत्र्यावर ते दोन्ही वायू पुन्हा एकत्र होऊन पाणी बनत होते. परंतु एक पत्रा हे काम झपाट्याने करी आणि तसाच दिसणारा दुसरा पत्रा मुळीच करीत नसे. फॅरडे यांनी चिकाटीने शोध घेतला, तेव्हा भेद एवढाच निघाला की एक पत्रा निर्मळ होता आणि दुसरा नव्हता. उघड्या हवेत काही काळ पडलेला पत्राही मंद होई. मग पत्रे घासून, क्षारांत बुडवून, तप्त गंधकाम्लात धुऊन ते पुन्हा जागे करण्याच्या रीती त्यांनी बारकाईने नोंदल्या. उत्प्रेरक केव्हा साफ करावा याची पहिली विधिवत चर्चा आम्हांस येथेच दिसते. गंमत अशी की 'कॅटॅलिसिस' हा शब्दच तेव्हा रूढ नव्हता. बर्झेलियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तो १८३५ साली योजला. धुण्याची कृती आधी ठरली आणि नाव मागून पडले.

प्रयोगशाळेतला पत्रा चिमट्याने उचलून अम्लात बुडविता येतो. कारखान्यात तसे चालत नाही. १८३१ साली ब्रिस्टॉल येथील पेरेग्रीन फिलिप्स नावाच्या शिर्का करणाऱ्या एका व्यापाऱ्याने पेटंट घेतले: गंधकाचा धूर व हवा तापलेल्या प्लॅटिनमवरून न्यावी म्हणजे गंधकाम्ल सहज तयार होईल. कल्पना अचूक होती. पण धंद्यात ती कित्येक दशके उतरू शकली नाही. कारखान्यात धातुपाषाण भाजून काढलेल्या गंधकाच्या धुरावर प्लॅटिनम थोडे दिवस काम करी आणि मग मरगळे. लोक प्लॅटिनम बदलीत, भट्टी बदलीत, नशिबाला बोल लावीत. शेवटी जर्मनीतील लुडविग्सहाफेन येथे रुडोल्फ क्निट्श या रसायनज्ञाने खरा चोर पकडला. त्या पाषाणात सोमल, म्हणजे आर्सेनिक, होते. धुराबरोबर येणारा त्याचा लेशमात्र अंशही प्लॅटिनमला चिकटून बसे आणि त्याचे काम बंद पाडी. १९०१ साली क्निट्श यांनी या कामाची हकीकत विद्वानांपुढे ठेवली. तीत प्लॅटिनम धुण्याची नवी युक्ती नव्हती. प्लॅटिनमपर्यंत पोचण्याआधी धूर थंड करावा, धुवावा, गाळावा आणि सोमल वाटेतच काढून टाकावे, हा त्यांचा मार्ग. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा हाच आहे. पुढे पाऊणशे वर्षांनी मोटारीच्या बाबतीत तोच धडा सबंध जगाला नव्याने गिरवावा लागला. फरक एवढाच की तेथे सोमलाच्या जागी शिसे होते, आणि ते पाषाणातून आलेले नसून माणसाने हाताने घातलेले होते.

ते का घातले, ते पाहू. पेट्रोलच्या इंजिनात दाब वाढविला की शक्ती वाढते; पण एका मर्यादेपलीकडे पेट्रोल अवेळी पेटते आणि इंजिन टक् टक् असे ठोके देऊ लागते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिज्ली हे या ठोक्यांवर औषध शोधीत होते. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांना ते सापडले. टेट्राएथिल लेड नावाच्या शिशाच्या एका द्रवाचा अत्यल्प अंश मिसळताच ठोके थांबले. मद्यार्कानेही ठोके थांबतात हे त्या प्रयोगशाळेला ठाऊक होते, पण मद्यार्क पुष्कळ मिसळावा लागे, आणि त्यावर पेटंटही मिळण्यासारखे नव्हते. १९२३ साली डेटनलाच हे पेट्रोल 'एथिल' या नावाने विकावयास आले. नावात शिशाचा उच्चार नव्हता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शिसे विषारी असते हे काही नवे ज्ञान नव्हते. रोमन काळापासून ते लोकांना ठाऊक होते. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील बेवे येथे हा द्रव करणाऱ्या कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण मृत्यू पावले आणि कित्येक रुग्णालयात गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिज्ली यांनी वार्ताहरांसमोर तो द्रव हातांवर चोळला आणि त्याचा वास घेऊन दाखविला. त्यापूर्वीच त्यांना स्वत:ला शिशाची बाधा होऊन हवापालटासाठी फ्लॉरिडास जावे लागले होते, हे त्यांनी त्या वेळी सांगितले नाही. १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे सरकारने परिषद बोलाविली. येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी बजावले की, प्रश्न कारखान्यातल्या अपघातांपुरता नाही. रस्त्यारस्त्यावर शिशाची धूळ सावकाश बसत जाईल आणि लोकांना ती कळणारही नाही. समितीने सात महिन्यांनी अभिप्राय दिला की बंदी घालण्यास पुरेसे कारण दिसत नाही, पुढे संशोधन मात्र चालू ठेवावे. विक्री पुन्हा सुरू झाली, आणि 'पुढचे संशोधन' पुढील चाळीस वर्षे बहुतांशी त्याच धंद्याच्या पैशावर चालले.

आता गोष्टीचा दुसरा पदर. लॉस एंजेलिस शहरावर २६ जुलै १९४३ रोजी अशी धुरकट चादर पसरली की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, आणि महायुद्धाचे दिवस असल्यामुळे जपानने विषारी वायू सोडला असावा अशी आवई उठली. मग कृत्रिम रबराला लागणारा माल करणाऱ्या एका कारखान्यावर आळ आला. कारखान्याचा धूर थांबविला तरी धुरके गेले नाही. खरे कारण शोधले ते आरी हागेन-स्मिट या डच रसायनज्ञाने. कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे कॅलटेकमध्ये, ते अननसाच्या वासाचे पृथक्करण करीत होते. अननसाचा वास पकडणारे उपकरण त्यांनी शहराच्या हवेला लावले. १९५० च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले की पेट्रोलची अर्धवट जळालेली वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर ऊन पडले की ओझोन व इतर झोंबणारे पदार्थ तयार होतात. म्हणजे गुन्हेगार कोणी एक कारखानदार नव्हता. ज्याची त्याची मोटार होती. हे लोकांना रुचले नाही हे सांगावयास नकोच.

एका माणसाने मात्र ते मनावर घेतले. युजीन हूड्री हे फ्रेंच अभियंते पहिल्या महायुद्धात रणगाड्यांच्या दलात लढताना जखमी झालेले, शर्यतीच्या मोटारींचे शौकीन. जड खनिज तेलाचे उत्प्रेरकाच्या साहाय्याने उत्तम पेट्रोल करण्याची कृती त्यांनी सिद्ध केली, आणि १९३७ साली अमेरिकेतील मार्कस हुक येथे तिचा मोठा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या विमानांना लागणारे पेट्रोल फार मोठ्या प्रमाणात या कृतीने पुरविले. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने या कारखान्यातली एक गोष्ट फार उद्बोधक आहे. तेलाच्या वाफा उत्प्रेरकावरून गेल्या की दहा मिनिटांतच त्याच्यावर कोळशाचे पूट चढे आणि तो निकामी होई. हूड्री यांनी यावर तक्रार केली नाही. त्यांनी सफाई हाच कृतीचा भाग केला. एका पात्रात तेल चालू असता दुसऱ्या पात्रात गरम हवा सोडून कोळसा जाळावयाचा, आणि आळीपाळीने पात्रे बदलावयाची. कोळसा जळून जातो आणि खालचा उत्प्रेरक होता तसा निघतो.

तेव्हा मळाच्या दोन जाती झाल्या. एक कोळशाचा, आगीने जाणारा. दुसरा सोमलाचा, आगीने न जाणारा. मोटारीच्या भांड्याला यांतला कोणता चिकटला आहे, यावर सफाईचा सारा प्रश्न अवलंबून आहे.

लॉस एंजेलिसच्या धुरक्याची वार्ता ऐकून वृद्धापकाळाकडे झुकलेले हूड्री मोटारीच्या धुराकडे वळले. त्यांनी उत्प्रेरक घातलेला सायलेन्सर तयार केला. १९५६ साली त्यांना त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. यंत्र चालले, पण रस्त्यावर टिकले नाही. पेट्रोलमधले शिसे जळून त्याची संयुगे उत्प्रेरकाच्या छिद्राछिद्रांत शिरत आणि धातूवर लेप धरीत. हा मळ सोमलाच्या जातीचा. कितीही तापवा, शिसे जागचे हलत नाही. बिनशिशाच्या इंधनावर चालणाऱ्या, गोदामात माल उचलणाऱ्या गाड्यांना मात्र हूड्री यांचे भांडे उत्तम लागू पडले. घराबाहेरच्या मोटारीला जे जमेना ते गोदामातल्या गाडीला जमले. आणि दोष कोणाचा हे तेव्हाच उघड झाले. १९६२ साली हूड्री वारले. रस्त्यावरच्या मोटारींत त्यांचे यंत्र बसलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

याच सुमारास, हागेन-स्मिट यांच्याच संस्थेत, क्लेर पॅटरसन नावाचा एक भूरसायनज्ञ अगदी वेगळ्या कामात गुंतला होता. शिशाच्या समस्थानिकांवरून त्याने पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. या मोजणीत त्याला एकच गोष्ट पदोपदी छळी: प्रयोगशाळेत जिकडेतिकडे शिसे. भिंतीवर शिसे, पाण्यात शिसे, माणसांच्या केसांत शिसे. शेवटी खोली अशी निर्मळ करावी लागली की तसली त्यापूर्वी क्वचितच कोणी बांधली असेल. पृथ्वीचे वय सांगून झाल्यावर त्याला प्रश्न पडला, की हे एवढे शिसे आले कोठून? समुद्राच्या पाण्यात आणि ग्रीनलंडच्या जुन्या बर्फाच्या थरांत त्याने शोध घेतला आणि १९६५ साली निर्भीडपणे लिहिले की आजच्या माणसाच्या अंगातील शिसे 'सामान्य' म्हणून गणले जात असले तरी ते नैसर्गिक नव्हे. त्यात पेट्रोलचा वाटा मोठा आहे. तेलधंद्याकडून त्याला मिळणारे साहाय्य आटले. माणूस मागे हटला नाही.

१९७० च्या जानेवारीत एक चमत्कारिक घटना घडली. जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी जाहीर केले की पुढील गाड्यांसाठी पेट्रोलमधून शिसे काढले पाहिजे. ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत शिशाचे औषध जन्मले, जिने ते विकणारी कंपनी काढली आणि १९६२ साली त्यातून आपले अंग काढून घेतले, तीच ही कंपनी. कारण माणसांचे आरोग्य हे नव्हते. धुराचा कायदा येऊ घातला होता, कन्व्हर्टरावाचून तो पाळता येणार नव्हता, आणि शिशापुढे कन्व्हर्टर टिकत नव्हता. त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी कायद्यावर सही केली: १९७५ च्या गाड्यांतून कार्बन मोनॉक्साइड व पेट्रोलची वाफ ९० टक्क्यांनी कमी झाली पाहिजे. पुढे वर्षा-दोन वर्षांच्या सवलती मिळाल्या, पण कन्व्हर्टर यावयाचा तो १९७५ च्या गाड्यांत आलाच. त्याआधी, १९७४ च्या जुलैपासून, मोठ्या पंपांवर बिनशिशाचे पेट्रोल ठेवणे सक्तीचे झाले. मुलांच्या आरोग्यासाठी उरलेल्या पेट्रोलमधलेही शिसे घटवावे असा वेगळा नियम १९७३ साली निघाला, तो मात्र न्यायालयात अडकला आणि १९७६ साली सुटला.

डॉ. हॅमिल्टन यांनी माणसाच्या मज्जातंतूंसाठी १९२५ साली जे मागितले ते मिळाले नाही. पन्नास वर्षांनी प्लॅटिनमच्या काही ग्रॅमांसाठी ते लगोलग मिळाले. यावर कडवटपणे हसता येईल. आम्हांला मात्र त्याहून अधिक महत्त्वाचे हे वाटते की, निमित्त कोणतेही असो, औषध एकदा बंद झाल्यावर रोग हटला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण ३७ टक्क्यांनी उतरले, आणि पेट्रोलमधील शिशाचा आलेख व रक्तातील शिशाचा आलेख जवळजवळ पाठोपाठ खाली आले.

अर्थात लोकस्वभाव तेथेही आपल्यासारखाच. शिशाचे पेट्रोल थोडे स्वस्त होते. चुकीचे पेट्रोल जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद केले आणि बिनशिशाच्या पंपाची नळीही बारीक केली. तेव्हा कोणी नरसाळे आणले, कोणी तोंडातली पट्टी ठोकून काढली. चार पैसे वाचले आणि कन्व्हर्टर मेला. तपासनीस धुराच्या नळीच्या आत एक रसायन लावलेला कागद चोळीत. शिसे असले की कागद गुलाबी होई. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या कन्व्हर्टरात मधाच्या पोळ्याऐवजी उत्प्रेरकाच्या गोळ्या भरलेल्या असत आणि भांड्याला खाली बूच असे. बूच काढून मेलेल्या गोळ्या ओतावयाच्या आणि नव्या भरावयाच्या. कन्व्हर्टर 'साफ' करण्याची खरीखुरी सोय मोटारीच्या इतिहासात बहुधा तेवढीच. आणि तीही सफाई नव्हे, अदलाबदल होती.

आपल्याकडे हे सारे वीस वर्षांनी आले. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दिल्लीतील वाहनांच्या धुराविषयी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या प्रकरणाच्या ओघात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत पेट्रोलच्या नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि निवडक पंपांवर बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले. आता मुंबईत घेतलेली गाडी काही मुंबईतच फिरत नाही. ती नाशकास जाणार, कोकणात उतरणार. आणि वाटेत तसे पेट्रोल मिळेलच याची शाश्वती नव्हती. शिशाच्या पेट्रोलच्या दोनचार टाक्या भरल्या की महागाचे भांडे कायमचे बाद. अखेर १ फेब्रुवारी २००० पासून सबंध देशात पेट्रोल बिनशिशाचे झाले. त्याचा परिणाम मुंबईपुरता मोजलेलाही आहे. १९९७ च्या सुमारास तपासलेल्या मुंबईच्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. शिसे बंद झाल्यानंतर काही वर्षांनी सुमारे साडेसातशे मुले तपासली, तेव्हा तसे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आले होते. तीनांत एक मूल ही काही लहान संख्या नव्हे. रंग, भांडी, जुन्या बॅटऱ्या वितळविण्याचे धंदे यांतून शिसे येतच होते. तरीही एवढा उतार कोणत्या औषधाने आला असता?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नाही तर मोटारवाले श्रोते आम्हांला सोडणार नाहीत. शिसे गेले, मग आजचा कन्व्हर्टर केव्हा साफ करावा?

पहिली गोष्ट, नुसती वर्षे मोजून करू नये. निरोगी इंजिनामागे बसलेला कन्व्हर्टर दीड लाख किलोमीटर आणि त्याहूनही अधिक सहज चालतो. तो तीनशे अंशांच्या आसपास तापला की जागा होतो आणि मग आपल्याच उष्णतेने किरकोळ काजळी जाळीत राहतो. ज्या गाडीला रोज दोन किलोमीटरच जावयाचे असते, ती कधी पुरती तापतच नाही. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास नेले तर काजळीचा मळ आपोआप जातो. हा हूड्री यांच्या कारखान्यातलाच उपाय होय. २०२० च्या १ एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी वेगळी गाळणी असते, आणि ती मात्र खरोखरीच गाळणी असल्यामुळे वेळोवेळी तापवून जाळावी लागते. हिचा आणि कन्व्हर्टराचा घोटाळा पुष्कळ लोक करतात.

दुसरी गोष्ट, लक्षणे. कसाऱ्याचा घाट पूर्वीसारखा चढवत नाही, गाडीचा दम कोंडल्यासारखा होतो. खालून खुळखुळ ऐकू येते. नासक्या अंड्याचा वास येतो. समोरच्या फळीवर इंजिनाचा दिवा लागतो. नव्या गाड्यांत कन्व्हर्टराच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन ओळखणारे दोन संवेदक असतात. मागचा पुढच्याची हुबेहूब नक्कल करू लागला की मधले भांडे काम करीत नाही असे गाडीचा संगणक समजतो. खुळखुळ असेल तर आतले पोळे फुटले. तेथे धुण्याचा प्रश्नच संपला. वास बहुधा पेट्रोलमधल्या गंधकाचा. गंधकही उत्प्रेरकाला गळपटवितो, परंतु तो शिशाइतका हट्टी नाही, तापल्यावर सुटतो. आणि २०२० पासून आपल्याकडील पेट्रोलमध्ये त्याची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग इतकी खाली आलेली आहे.

दम कोंडला असेल तर मात्र भांड्याकडे पाहण्याआधी इंजिनाकडे पाहावे. पिस्टनच्या कड्या झिजून तेल जळत असेल, तर तेलातील फॉस्फरस व जस्त यांची राख पोळ्यावर बसते. ही राख सोमलाच्या जातीची. स्पार्क प्लग नीट पेटत नसेल, तर न जळलेले पेट्रोल भांड्यात जाऊन तेथे पेटते आणि चिनीमातीही वितळते. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ असेल, तर काजळीला अंत नाही. टाकीत ओतावयाची सफाईची रसायने बाजारात मिळतात. काजळी थोडी असेल तर क्वचित गुण येतो, राखेपुढे व वितळलेल्या पोळ्यापुढे त्यांचे काही चालत नाही. भांडे उतरवून अम्लाने किंवा साबणाच्या पाण्याने धुवून देणारेही आहेत. फॅरडे यांनी प्लॅटिनमचा सबंध पत्रा अम्लात बुडविला होता. येथे धातू पत्रा नसून खरबरीत लेपातली धूळ आहे, आणि मळाबरोबर लेपच निघून जाण्याचे भय असते. धुतलेल्या भांड्यातून वारा मोकळा वाहतो, गाडी हलकी वाटते, मालक खूश होतो, आणि विष पूर्वीसारखेच बाहेर पडत राहते.

शिशाचे पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तेथील साठा २०२१ च्या जुलैत संपला, आणि मिज्ली यांच्या शोधाला शंभर वर्षे भरावयास तीन महिन्यांहून थोडे अधिक उरले असता संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरणसंस्थेने ते प्रकरण मिटल्याचे ऑगस्टअखेर जाहीर केले. मेलेल्या कन्व्हर्टराचे पुढे काय होते हेही सांगून ठेवतो, कारण रात्री गाड्यांखालून ही भांडी कापून नेणाऱ्या चोरांना ते आपल्याहून चांगले ठाऊक असते. पत्रा कापून पोळे बाहेर काढतात, त्याची भुकटी करतात, ती भट्टीत वितळवितात आणि अम्लांत विरघळवून प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम निरनिराळे करतात. शिसे असो, राख असो, तेथे सारे सुटते. मग तो धातू नव्या पोळ्यावर चढतो आणि दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीखाली बसतो.